पुण्यात शिकायला येणारे परदेशी बौद्ध विद्यार्थी : पहिल्या तीन महिन्यांची मार्गदर्शिका

दरवर्षी जून-जुलैत पुण्याच्या महाविद्यालयांत नव्या प्रवेशांची धावपळ सुरू होते. या गर्दीत म्यानमार, श्रीलंका, बांगलादेश, व्हिएतनाम, थायलंड, नेपाळ या देशांतून आलेले विद्यार्थीही असतात. काही चीवरधारी भिक्खू असतात आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागात एम.ए. किंवा पीएच.डी. करायला आलेले असतात. काही साधे उपासक-उपासिका असतात आणि कॉमर्स, संगणक किंवा व्यवस्थापन शिकतात. आल्यावर त्यांतले बरेच जण विहाराचा पत्ता शोधतात. म्हणजे ते आपल्या दारात येतात.

विहारात आलेल्या माणसाला चहा, जेवण आणि टाळ्या मिळतात. पण त्याला खरी गरज असते ती भाडेकरार, पोलीस नोंदणी, बँक खाते आणि आजारपणात सोबत येणाऱ्या माणसाची. या गोष्टी माहीत नसल्या तर चांगल्या मनाने केलेली मदतही त्याच्या व्हिसावर बेतू शकते. म्हणून ही माहिती पुण्यातल्या बौद्ध तरुणांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी एका ठिकाणी मांडत आहोत.

हे आपले काम का आहे?

१९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, तेव्हा ते स्वतः परदेशी विद्यार्थी होते. १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीसाठी आले. एवढे शिकलेल्या माणसाला आपल्याच देशात राहायला खोली मिळाली नाही, आणि पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावण्यात आले. हे अनुभव त्यांनी ज्या आत्मकथनपर टिपणांत लिहिले, त्यांचे नावच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आहे.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याकडे आहे. गोव्यातून निघालेले धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. ओळखपाळख नसलेल्या या तरुणाला कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांनी ठेवून घेतले, श्रामणेर दीक्षा दिली, पाली शिकवली. पुढे हेच कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची जी वाट तयार झाली, तिची सुरुवात परक्या देशातल्या भिक्खूंनी दिलेल्या आसऱ्यात आहे.

पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांसाठी संस्थात्मक कामही उभे राहिले आहे. फर्ग्युसनमधले प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याची अवस्था पाहिली आणि त्यातून १९७१ मध्ये सिम्बायोसिसची स्थापना झाली, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. आज ती मोठी शिक्षणसंस्था आहे, पण मूळ प्रश्न एका एकट्या, आजारी, परदेशी मुलाचाच होता.

लक्षात ठेवायचे तीन आकडे : २४ तास, १४ दिवस, ३० दिवस

*पहिले २४ तास.* परदेशी नागरिक ज्या ठिकाणी मुक्कामाला उतरतो, त्या जागेच्या चालकाने २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. यालाच सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. १९४६ चा जुना परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला, तरी ही जबाबदारी कायम आहे. हॉटेल आणि वसतिगृहवाल्यांना हे माहीत असते. खासगी घरमालकाला बहुधा नसते. आणि विहारांच्या विश्वस्तांनी नीट लक्ष द्यावे : परदेशी भंतेजी विहारात किंवा एखाद्या उपासकाच्या घरी मुक्कामाला राहिले, तर ही माहिती भरणे त्या विहाराची किंवा त्या घराची जबाबदारी आहे. ‘दोन दिवसांसाठीच आहेत’ हे कारण चालत नाही.

*पहिले १४ दिवस.* व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर करायचा असतो. साधारणपणे लागणारे कागद असे :

- पासपोर्ट, व्हिसा आणि विमानतळावर बसलेला प्रवेशाचा शिक्का, यांची स्पष्ट स्कॅन प्रत
- पासपोर्ट आकाराचा फोटो
- महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठ विभागाचे बोनाफाईड
- राहत्या जागेचा पुरावा : वसतिगृहाचे पत्र किंवा नोंदणीकृत भाडेकरार
- सी फॉर्मची प्रत

इथेच गाडी अडते. घर मिळाल्याशिवाय करार नाही, करार नसला तर पत्त्याचा पुरावा नाही, आणि चौदा दिवस तर चाललेले. म्हणून विद्यार्थी येण्याआधी, निदान पहिल्या आठवड्यात, राहण्याची सोय पक्की होणे सगळ्यात महत्त्वाचे. मदत करणाऱ्याने आपला वेळ आधी इथे घालावा.

पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे दापोडी, पिंपरी, देहूरोड या भागात राहणाऱ्याचे पोलीस ठाणे आणि आयुक्तालय पुणे शहरापेक्षा वेगळे असते. अर्जात पत्ता भरताना हे तपासावे.

*पहिले ३० दिवस.* परदेशी विद्यार्थ्याला पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्र दाखवून बँकेत एनआरओ प्रकारचे खाते उघडता येते. स्थानिक पत्ता लगेच देता आला नाही, तर खाते उघडल्यापासून ३० दिवसांत देता येतो. पत्त्याची पडताळणी होईपर्यंत परदेशातून एक हजार डॉलरपर्यंतच रक्कम खात्यात येऊ शकते, म्हणून घरून मोठी रक्कम मागवण्याआधी पत्ता नोंदवून घ्यावा. शाखेतल्या कर्मचाऱ्याने ‘आधार नाही तर खाते नाही’ असे सांगितले, तर शांतपणे व्यवस्थापकांना भेटून परदेशी विद्यार्थ्यांच्या खात्याचा नियम पाहायला सांगावे. विद्यापीठ परिसरातल्या किंवा जवळच्या शाखांना या कामाची सवय असते.

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. पण त्यांनीही आपल्या देशाचे ओळखपत्र आणि बोनाफाईड कायम जवळ ठेवावे.

घर : सगळ्यात अवघड टप्पा

विद्यापीठाच्या आसपास औंध, बाणेर, खडकी, बोपोडी, गोखलेनगर, पांडवनगर हे भाग येतात. औंध-बाणेरला भाडे जास्त आहे. बोपोडी, खडकी, दापोडी या पट्ट्यात आपल्या वस्त्या आणि विहार आहेत, आणि विद्यापीठही फार दूर नाही. कॉट बेसिसची जागा स्वस्त पडते, पण तिथला मालक नोंदणीकृत करार करून द्यायला तयार आहे का, हे आधी विचारावे. करार नसेल तर परदेशी विद्यार्थ्याला ती जागा उपयोगाची नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे’ हे पुण्यात सर्रास ऐकू येते, पण ते चूक आहे. डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, वीजबिल कोण भरणार, पाहुणा राहू शकतो का, या चार गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. डिपॉझिट खात्यातून द्यावे. रोख द्यावे लागले तर पावती घ्यावी. एजंटला किती द्यायचे ते जागा पाहण्याआधी ठरवावे.

आता कायद्यापलीकडची गोष्ट. परदेशी विद्यार्थ्याला घर नाकारताना कारणे सांगितली जातात ती अशी : मांस शिजवतात, वास येतो, सोसायटी परवानगी देत नाही, पोलिसांची कटकट नको. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. आडनाव विचारून, गाव विचारून, ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवणारे घरमालक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला तर रंगामुळे हे जास्तच येते. म्हणून मदत करताना बौद्ध देशातून आलेला आणि न आलेला असा भेद करू नये. खोली शोधणारा सुदानचा मुलगा आणि म्यानमारचे भंतेजी, दोघांचा प्रश्न एकच आहे.

आपल्या समाजातही शहरात फ्लॅट असणारा वर्ग आता आहे. त्यांच्यापैकी किती जण परदेशी विद्यार्थ्याला घर देतात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. एका विहाराने आपल्या परिसरातल्या चार-पाच तयार घरमालकांची यादी केली आणि त्यांना सी फॉर्म भरायला शिकवले, तरी पुष्कळ काम होईल.

सिम, पैसे आणि नोकरी

सिमकार्डासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि स्थानिक पत्ता लागतो. ओळखीच्या स्थानिक माणसाचा नंबरही मागतात, तो द्यायला हरकत नाही. पण स्वतःच्या नावावर सिम काढून दुसऱ्याला वापरायला देऊ नका. उद्या त्या नंबरवरून काहीही झाले तर आधी तुम्हाला बोलावतील आणि त्या विद्यार्थ्याचीही अडचण होईल. बँक खात्याबाबतही हेच : ‘माझ्या खात्यावर पैसे मागव, मी काढून देतो’ ही मदत एकदा-दोनदा सोपी वाटते, पण तिची सवय लावू नये.

विद्यार्थी व्हिसावर कमाईचे काम करता येत नाही. दुकानात चार तास बसणे, कॉल सेंटर, शिकवण्या, डिलिव्हरी, काहीही नाही. हलाखी पाहून आपले लोक काम देऊ करतात, पण त्यातून व्हिसा रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. द्यायचेच असेल तर पुस्तके, मेसचा डबा, जुनी सायकल, परीक्षा शुल्काची रक्कम द्यावी.

म्यानमारच्या विद्यार्थ्यांची स्थिती वेगळी समजून घ्यावी. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथून पैसे पाठवणे आणि पासपोर्टची मुदत वाढवणे दोन्ही अवघड झाले आहे. त्यांना घरच्या राजकारणाबद्दल खोदून विचारू नये, आणि त्यांचे फोटो, नाव-गाव समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी. मागे त्यांचे घर आहे.

भंतेजींना मंचावर बसवण्याआधी

हा मुद्दा खास कार्यकर्त्यांसाठी. बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, वर्षावास समाप्ती अशा कार्यक्रमांत परदेशी भिक्खूंना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावण्याची आपल्याकडे हौस असते. पत्रिकेत नाव छापले जाते, बॅनर लागतात. पण भारत सरकारच्या व्हिसा नियमांनुसार परदेशी नागरिकाला धार्मिक स्थळी जाता येते, नेहमीच्या धार्मिक कार्यात सहभागी होता येते, प्रवचन ऐकता येते. मात्र धार्मिक विचारांचा प्रचार करणे, धार्मिक स्थळी भाषण देणे, प्रचारपत्रके वाटणे, धर्मांतराच्या कामात भाग घेणे याला परवानगी नाही. मोर्चा आणि राजकीय सभा तर दूरच.

नियम न्याय्य आहे की नाही यावर चर्चा होऊ शकते. पण त्याचा फटका बसेल तो शिकायला आलेल्या भिक्खूला. आपला कार्यक्रम एका दिवसाचा, त्याची पदवी तीन वर्षांची. म्हणून :

- विद्यार्थी व्हिसावर असलेल्या भंतेजींना वंदनेला, भोजनदानाला बोलवा. भाषणाला नको.
- दीक्षा समारंभात त्यांना दीक्षा देणारे म्हणून उभे करू नका.
- विद्यापीठातला अभ्यासविषयक परिसंवाद वेगळा. तिथे विभागाच्या परवानगीने बोलण्यात अडचण येत नाही.
- शंका असेल तर त्यांच्या विभागाला किंवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राला आधी विचारा.

विनय, जेवण आणि वर्षावास

थेरवादी भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. विद्यापीठातले तास, प्रात्यक्षिके आणि मेसची वेळ यांच्याशी हे जुळत नाही. बरेच जण उपाशी राहतात, पण बोलत नाहीत. भोजनदान द्यायचे तर अकराच्या आत ताट वाढले जावे. आपल्या कार्यक्रमांत बारा वाजता सूत्रसंचालन सुरू होते, तसे चालणार नाही.

व्हिएतनामचे भिक्खू-भिक्खुणी बहुतेक महायानी परंपरेचे आणि शाकाहारी असतात. श्रीलंका, म्यानमार, थायलंडचे भिक्खू बहुधा मांसाहार वर्ज्य मानत नाहीत. त्यामुळे गृहीत न धरता विचारावे. उपासिकांनी थेरवादी भिक्खूंना वस्तू हातात न देता समोर ठेवावी. यामागे विनयाचा नियम आहे, अवमान नाही, हे आपल्या मुलींना नीट समजावून सांगावे.

वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो, म्हणजे नेमका प्रवेशाच्या दिवसांत. या तीन महिन्यांत भिक्खू एका जागी राहतो, आवश्यक कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाऊ शकतो. वर्षावासात खोली बदलायची वेळ येऊ नये, म्हणूनही घराची सोय आधी व्हायला हवी.

अभ्यास : देवाणघेवाणीची जागा

परदेशी भिक्खूंना पाली येते, पण ती बर्मी, सिंहली, थाई किंवा ख्मेर लिपीत. पुण्यात देवनागरी वाचावी लागते. उच्चारही वेगळे : बर्मी परंपरेत ‘स’ हा ‘थ’सारखा आणि ‘च’ हा ‘स’सारखा उच्चारला जातो. त्यामुळे त्यांचे सुत्तपठण आपल्याला पटकन कळत नाही आणि आपले त्यांना. हसण्याऐवजी दोघांनी मिळून एक सुत्त वाचावे. आपल्या मुलांनी त्यांना देवनागरी आणि कामापुरती मराठी शिकवावी, त्यांनी आपल्या मुलांना पाली व्याकरण शिकवावे. पाली घेऊन नेटची तयारी करणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो.

दुसरा विषय बाबासाहेबांचा. विहारात तथागतांच्या मूर्तीशेजारी बाबासाहेबांची प्रतिमा पाहून अनेक परदेशी बौद्धांना प्रश्न पडतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले, बावीस प्रतिज्ञा कशासाठी, जात म्हणजे नेमके काय, हे त्यांना पुस्तकातून कळत नाही. वाद घालण्यापेक्षा त्यांना देहूरोडच्या विहारात न्यावे. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतले आणि तिथून मिळालेल्या बुद्धमूर्तीची २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला स्थापना केली. म्यानमारच्या विद्यार्थ्याला ही एक गोष्ट सांगितली की आपले नाते समजावून सांगायला फार बोलावे लागत नाही. सेनापती बापट मार्गावरचे बाबासाहेबांचे संग्रहालय आणि मळवली स्थानकाजवळची भाजे लेणी हीसुद्धा एका दिवसात होणारी ठिकाणे आहेत. भाज्याला लोणावळा लोकलने जाता येते.

आजारपण, त्रास आणि तक्रार

पावसाळ्यात डेंग्यू, पोटाचे विकार आणि ताप हे ठरलेले. आरोग्य विमा नसेल तर आधी तो काढायला सांगावे. तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. शासकीय उपचारांसाठी ससून रुग्णालय आहे. मात्र तिथे भाषेची अडचण येते, म्हणून मराठी बोलणारा माणूस सोबत हवा. एकटेपणा, झोप न लागणे, रडू येणे या तक्रारी किरकोळ समजू नयेत. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

रॅगिंगसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे करता येते. मारहाण, शिवीगाळ, लुबाडणूक झाली तर कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा परदेशी विद्यार्थ्याला लागू होत नाही, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. पण संविधानाच्या कलम १४ आणि २१ चे संरक्षण केवळ नागरिकांना नसून प्रत्येक व्यक्तीला आहे. पोलीस ठाण्यात हे नम्रपणे पण ठामपणे सांगता आले पाहिजे.

पासपोर्ट हरवला तर क्रम असा : पोलीस तक्रार, महाविद्यालयाला लेखी कळवणे, दूतावासाशी संपर्क, मग ई-एफआरआरओ. घर बदलले तर नवा पत्ता कळवावा. अभ्यासक्रम किंवा महाविद्यालय बदलायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. व्हिसाची मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी वाढीसाठी कागद जमवायला लागावे, कारण परीक्षा आणि निकाल लांबले तर बोनाफाईड वेळेवर मिळत नाही.

विहारांनी आणि युवक मंडळांनी काय करावे?

- जूनमध्येच दोन सोबती नेमावेत, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांचे नंबर पाली विभागात आणि आंतरराष्ट्रीय केंद्रात देऊन ठेवावेत.
- करार करून देणाऱ्या घरमालकांची यादी ठेवावी.
- ई-एफआरआरओ आणि सी फॉर्म भरता येणारी दोन माणसे तयार करावीत.
- आलेल्या विद्यार्थ्याच्या पासपोर्ट-व्हिसाच्या मुदतीच्या तारखा वहीत लिहून आठवण करून द्यावी. मूळ कागद मात्र आपल्याकडे ठेवून घेऊ नयेत.
- रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि घरच्यांचा संपर्क लिहून घ्यावा.
- सत्कारावर होणाऱ्या खर्चातून पहिल्या महिन्याच्या अडचणीसाठी छोटा निधी बाजूला काढावा.

यातल्या एकाही कामाला मोठी संस्था किंवा देणगीदार लागत नाही. आठवड्यातले चार तास आणि नियम वाचायची तयारी लागते. पुण्यातून शिकून गेलेला भिक्खू उद्या यांगूनला, कोलंबोला किंवा हनोईला शिकवणार आहे. भारतातले बौद्ध कोण आहेत आणि कसे जगतात, हे तिथले लोक त्याच्याकडूनच ऐकतील.

जयभीम. नमो बुद्धाय.